लिनक्स लॅपटॉपवरचा टक्, खरखर आणि घूं : आठ महिन्यांच्या वापरानंतर

डेबियन (लिनक्सचा एक प्रकार), पाइपवायर (आवाजाची वाहतूक सांभाळणारा प्रोग्रॅम) आणि साधा एचडीए कोडेक (आवाजाची चिप) असलेला लॅपटॉप. तक्रार नेहमीचीच: हेडफोनमध्ये काही ना काही वाजत राहतं. एकच सेटिंग बदलून सगळं शांत होईल, ही आशा सोडून द्या. आवाज चार प्रकारचे असतात, त्यांची चार कारणं असतात आणि एकावरचा उतारा दुसऱ्याला लागू पडत नाही.

सगळ्यात सोपा टक्. गाणं थांबलं की काही सेकंदांनी एकदा टक्, आणि पुढचा नोटिफिकेशनचा आवाज येण्याआधी पुन्हा टक्. हे सेकंद मोजा. पाइपवायरचा व्यवस्थापक वायरप्लंबर 5 सेकंद शांतता दिसली की साउंडकार्ड सोडून देतो. त्यानंतर ड्रायव्हरचं वीज वाचवणारं पॉवर_सेव्हचं घड्याळ सुरू होतं, आणि ते बऱ्याच ठिकाणी 1 सेकंदावर असतं. म्हणजे साधारण सहाव्या सेकंदाला टक् आला, तर कोडेक झोपतोय. तपासायला रूट (अ‍ॅडमिन) होऊन एसवायएस/मॉड्यूल/एसएनडी_एचडीए_इंटेल/पॅरामीटर्स या फोल्डरमधल्या पॉवर_सेव्ह फाइलीत 0 लिहा. रीबूट लागत नाही. टक् गेला तर ईटीसीमधल्या मॉडप्रोब.डी फोल्डरात एक फाइल करून त्यात ‘ऑप्शन्स एसएनडी_एचडीए_इंटेल पॉवर_सेव्ह=0 पॉवर_सेव्ह_कंट्रोलर=एन’ ही ओळ टाका, अर्थात मूळ रोमन स्पेलिंगमध्ये.

इथे फसायला होतं ते बॅटरी वाचवणाऱ्या टीएलपी या प्रोग्रॅममुळे. चार्जर काढला-लावला की टीएलपी तो आकडा स्वतःच्या हिशेबाने पुन्हा लिहितो. म्हणून त्याच्या कॉन्फिगमध्ये साउंड पॉवर सेव्हच्या दोन्ही ओळी, एसीची आणि बॅटरीची, 0 कराव्या लागतात. तसाच वीज वाचवणारा पॉवरटॉप आणि त्याचं ऑटो-ट्यून चालवत असाल तर तेही याच खोडीचं. आणि एप्ले -एल या कमांडच्या यादीत कार्डाचं नाव ‘एसओएफ’ने सुरू होत असेल, म्हणजे ड्रायव्हर वेगळा असेल, तर वरच्या पॅरामीटरचा उपयोग नाही. तिथे वायरप्लंबरमध्ये सेशन.सस्पेंड-टाइमआउट-सेकंड्स 0 करा, म्हणजे कार्ड उघडंच राहतं.

वायरप्लंबरचा हाच नियम डेबियन 12 वरून 13 वर गेल्यावर निकामी होतो. 12 मधला वायरप्लंबर 0.4 आहे, त्याचे नियम लुआ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहायचे. 0.5 पासून लुआ कॉन्फिग वाचलंच जात नाही, एसपीए-जेसन पद्धतीची .कॉन्फ फाइल लागते. जुनी फाइल जागेवर दिसते म्हणून नियम चालू आहे असं समजू नका.

टक् गेल्याची किंमतही आहे. कोडेक सतत जागा राहिला की कानात घट्ट बसणाऱ्या इयरफोनमध्ये बारीक सूं ऐकू येतो, बॅटरीही थोडी जास्त जाते. मोठ्या हेडफोनवर तो जाणवत नाही. इयरफोनसाठी यूएसबीचा छोटा डीएसी (लॅपटॉपबाहेरचं साउंडकार्ड) घेणं हा खरा उपाय; मिक्सरशी कितीही झटापट केली तरी सूं जात नाही.

मायक्रोफोनमधली खरखर वेगळी. टर्मिनलमधला अल्सामिक्सर उघडा, एफ6 ने कार्ड निवडा, एफ4 ने कॅप्चर. ‘इंटर्नल माइक बूस्ट’ 20 किंवा 30 डेसिबलवर असेल तर पंख्यासकट सगळी खोली पलीकडे पोचते. तो 0 किंवा 10 वर आणा. पण डेस्कटॉपचा माइक स्लायडर हलवला की बूस्ट पुन्हा चढतो, कारण पाइपवायर कॅप्चर आणि बूस्ट हे दोन्ही कंट्रोल एकत्र करून एकच स्लायडर दाखवतो. अल्सा-कार्ड-प्रोफाइलच्या पाथ्स फोल्डरमधल्या इंटर्नल माइकच्या फाइलीत बूस्टपुढचं ‘व्हॉल्यूम = मर्ज’ बदलून ‘झीरो’ केलं की तो गप्प बसतो. पॅकेज अपडेट झालं की ही दुरुस्ती पुसली जाते, तेव्हा प्रत जपून ठेवा.

कॉल चालू असताना तडतड होत असेल तर पीडब्ल्यू-टॉप ही कमांड चालवून ईआरआर हा रकाना बघा. आकडा वाढत असेल तर बफर, म्हणजे आवाजाचा तात्पुरता साठा, पुरत नाहीये. क्वांटम (एका फेरीतले आवाजाचे नमुने) 256 वरून 1024 केला की 48000 हर्ट्झला एका फेरीला 5.3 ऐवजी 21.3 मिलिसेकंद मिळतात. कॉलला तेवढा उशीर कळत नाही. वाजवत असताना स्वतःचंच वाद्य हेडफोनवर ऐकायचं असेल तर मात्र तो खटकतो.

राहिला घूं. बाहेरचे स्पीकर 3.5 मिमीच्या वायरने जोडलेत, चार्जर लावला की घूं, काढला की बंद: हा ग्राउंड लूप, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा करंट. यात लिनक्सचा काही संबंध नाही. लॅपटॉप आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावून बघा, नाहीतर मधे ट्रान्सफॉर्मरवाला ग्राउंड लूप आयसोलेटर घाला. चार्जरची अर्थिंगची पिन कापून घूं थांबवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो; तो कधीच ऐकू नका, बॉडीला करंट येऊ शकतो.

एवढं करूनही लॅपटॉप सुरू होताना आणि बंद होताना एकेक टक् राहतोच. तेव्हा ड्रायव्हर एकतर अजून आलेला नसतो, नाहीतर निघून गेलेला असतो.