उशाशी ठेवायचे मराठी बायबल: कोणती प्रत, कोणते पान

आजाऱ्याच्या समाचाराला जाताना काखेत मारलेले जाडजूड काळे बायबल हे आपल्या मंडळ्यांतले नेहमीचे दृश्य. रविवारच्या उपासनेला ती प्रत उत्तम. वॉर्डातल्या लोखंडी खाटेवर, एका हाताला सलाईन लावलेल्या माणसाला मात्र ती पेलवत नाही. उताणे झोपून छातीवर धरली की श्वास लागतो, कुशीवर झोपून धरली की मनगट भरून येते. म्हणून हा आढावा फक्त एका कामापुरता आहे: संकटात सापडलेल्या माणसाच्या उशाशी कोणते मराठी बायबल ठेवावे आणि त्यातले काय वाचावे.

आधी प्रतीचे बोलू. संपूर्ण बायबलऐवजी नवा करार आणि स्तोत्रसंहिता एकत्र बांधलेली छोटी प्रत घ्यावी. वजन एका हाताला झेपते आणि या प्रसंगी लागणारा बहुतेक मजकूर तीत असतो. नसतात ती ईयोब, विलापगीत आणि यशयाची पुस्तके. त्यांची सोय पुढे सांगतो. अगदी खिशात मावणाऱ्या प्रतींचा टाइप मात्र इतका बारीक असतो की साठीपुढच्या माणसाला त्या चष्मा लावूनही वाचवत नाहीत. दुकानात प्रत उघडून हातभर लांब धरावी. अक्षर लागले नाही तर ठेवून द्यावी, वेष्टण कितीही देखणे असो.

कागद पातळ असतो, त्याला इलाज नाही. एरवी एवढा मजकूर एका बांधणीत मावणार कसा? पण या कागदाला घामेजला हात सोसत नाही. जेल पेनची खूण मागच्या पानावर फुटते, ओल्या बोटाने पान उलटले की कोपरा फाटतो. खुणेला मऊ शिशाची पेन्सिल वापरावी. चामड्याचे, चेनचे कव्हर घरी शोभते. रुग्णालयात ते स्पिरिटने पुसता येत नाही आणि चेनच्या दातांत घाण अडकते. साधे प्लास्टिकचे वेष्टण बरे. अतिदक्षता विभागात बाहेरच्या वस्तू बहुधा आत सोडत नाहीत, तेव्हा आधी नर्सला विचारावे.

सगळ्यांत कामाला येते ती घरी केलेली सोय. पाचसहा स्तोत्रे वीस पॉइंटच्या ठळक अक्षरात, एका पानावर एक अशी ए-फोर कागदावर छापून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालावीत. ईयोब, विलापगीत, यशया यांतले हवे ते उतारेही तसेच. कागद पुसता येतो, पडला तर दुसरा छापता येतो, आणि रात्रपाळीला बसणाऱ्या भाच्याला अध्याय शोधत बसावे लागत नाही.

आता भाषांतर. मोठ्याने वाचायला बायबल सोसायटीचे जुन्या वळणाचे, सुधारून घेतलेले ‘पवित्र शास्त्र’ अजून कोणाला हटलेले नाही. त्याची वाक्ये श्वासाच्या मापाची आहेत. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे; मला काही उणे पडणार नाही.’ अर्धविरामाशी थांबायचे, श्वास घ्यायचा, पुढे जायचे. ज्यांचे बालपण रविवारच्या शाळेत गेले त्यांच्या तोंडी हेच शब्द बसलेले असतात. बोलणे थांबलेला वृद्ध माणूसही पुष्कळदा ओठ हलवून पुढचे वाक्य पुरे करतो. तिथे नवे, सोपे भाषांतर उघडले तर ती साखळी तुटते. पाठ असलेले वचन वेगळ्या शब्दांत ऐकू आले की माणूस अडखळतो आणि धीर मिळण्याऐवजी गोंधळतो.

याच भाषांतराचा दोषही तेविसाव्या स्तोत्रातच दिसतो. चौथ्या वचनात ‘तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात’ असे आहे. रोजच्या बोलण्यात आकडी म्हणजे फिट. मेंदूविकाराच्या वॉर्डात हे वाक्य वाचून पाहा, शेजारच्या खाटेवरचा नातेवाईक चमकून बघेल. इथली आकडी म्हणजे शेळ्यांसाठी बाभळीचा पाला ओढतात तशी टोकाला वाकडी काठी. मूळ हिब्रूत दोन वेगळे शब्द आहेत: एक जनावराला हाणायचा सोटा, दुसरी टेकायची काठी. एक राखणीला, एक आधाराला. एवढे एका वाक्यात आधी सांगून टाकले की वचन उजळते. सांगितले नाही तर ऐकणारा त्या शब्दाशी अडून राहतो आणि मेजवानीच्या वचनापर्यंत पोचतच नाही.

त्याच स्तोत्रात एक गोष्ट मराठीत फार छान उतरली आहे. पहिल्या तीन वचनांत देवाविषयी ‘तो’ म्हटले आहे: तो नेतो, तो चालवतो. मृत्युच्छायेची दरी आली की चौथ्या वचनापासून एकदम ‘तू’: ‘कारण तू माझ्याबरोबर आहेस.’ देवाविषयी चाललेले बोलणे दरीत शिरल्यावर देवाशी बोलणे होते. अभंगातल्या तू-तुकाराला सरावलेल्या कानाला हा बदल चटकन कळतो. वाचताना तिथे आवाज खाली आणावा आणि गती निम्मी करावी. सहाच वचने आहेत, सावकाश वाचली तरी दीड मिनिट पुरते.

ज्यांचा चर्चशी संबंध नाही त्यांच्यासाठी वर्तमान मराठीतले भाषांतर निवडावे. ‘भाराक्रांत’, ‘अरिष्ट’ हे शब्द कळत नसतील तर लयीचे कौतुक काय कामाचे? हा वाद नवा नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेवटची वर्षे याच कामाला वाहिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी खेड्यातल्या, जेमतेम वाचणाऱ्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचे ‘सुबोध बायबल’ त्याच वाटेवरचे आहे आणि मराठी साहित्य वाचणाऱ्या बिगरख्रिस्ती मित्राला द्यायला सर्वांत चांगले. पण ते घरी बसून वाचायचे पुस्तक आहे, खाटेवर न्यायचे नव्हे.

फोनवरचे यूव्हर्शनचे बायबल ॲप फुकट आहे, त्यात एकाहून अधिक मराठी भाषांतरे आहेत आणि अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. रात्री तीनला, वॉर्डाचे दिवे मालवलेले असताना, काळ्या पडद्यावर पांढरे अक्षर ही त्याची खरी किंमत. तळघरातल्या एक्स-रे विभागाबाहेर रेंज नसते. भाषांतर आधीच फोनवर उतरवून ठेवावे, आणि ते इंटरनेट बंद करून उघडते का हे घरीच पाहावे. काही भाषांतरांना ध्वनिमुद्रणही आहे, पण ते उपवासाला बसल्यासारख्या एकाच सुरात चालते. गती थोडी कमी केली तर सुसह्य होते. सूचना मात्र बंद कराव्यात. रोज सकाळी सूर्योदयाच्या चित्रावर एकच गोड वचन पाठवणे ही या ॲपची सवय, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते.

एकटे काढलेले वचन फसवते. यिर्मया २९:११ घ्या: तुमच्या हिताच्या योजना मला ठाऊक आहेत असे देव सांगतो. मगांवर, कॅलेंडरांवर हेच. त्याच्या आदल्या वचनात बाबेलमधल्या बंदिवासाला सत्तर वर्षे लागतील असे स्पष्ट आहे. यिर्मयाचे हे पत्र ऐकणाऱ्या बंदिवानांपैकी बहुतेक जण परत घर पाहणार नव्हते. केमोच्या दुसऱ्या फेरीत असलेल्या बाईला अकरावे वचन वाचून दाखवायचे तर दहावेही वाचा. मग त्यातली आशा पुढच्या सोमवारच्या रिपोर्टला बांधलेली राहत नाही.

देव राखील अशी हमी देणाऱ्या स्तोत्र ९१ चे तर तावीज झाले आहे. दाराच्या चौकटीवर, गाडीच्या काचेवर, उशीखाली. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात हेच स्तोत्र येशूला कोण ऐकवतो? सैतान, मंदिराच्या टोकावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असे सांगायला. आणि येशू नकार देतो. स्तोत्र जरूर वाचावे, पण औषध बंद करायला ते आधार म्हणून दाखवणाऱ्याला मत्तयाचे हे पान उघडून द्यावे. प्रेषित पौलाच्या सोबत्यांत लूक वैद्य होता. मिरजेला १८९४ मध्ये डॉ. वॉनलेस यांनी मिशनचे रुग्णालय काढले तेही प्रार्थना करणाऱ्या लोकांच्या बळावरच. औषध आणि प्रार्थना यांत निवड करायला शास्त्रात कोणी सांगितलेले नाही.

ईयोब, म्हणजे अकारण संकटे कोसळलेल्या माणसाचे पुस्तक, याबद्दल जास्त जपावे. ४२ अध्यायांपैकी नऊ अध्याय अलीफज, बिल्दद आणि सोफर या मित्रांच्या भाषणांनी व्यापले आहेत. ती भाषणे ऐकायला धार्मिक आणि भारदस्त, आणि शेवटी (४२:७) देव म्हणतो की हे लोक माझ्याविषयी यथार्थ बोलले नाहीत. मध्येच कुठले तरी पान उघडून ‘पाप असेल तर कबूल कर’ अशा थाटाचे वचन रुग्णाला ऐकवणारे पाहुणे याच मित्रांची री ओढत असतात. मित्रांनी एक गोष्ट बरोबर केली: पहिले सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्यापाशी जमिनीवर गप्प बसले. ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले’ हे वाक्य दफनविधीत ठीक. पण ते ईयोबाने स्वतःसाठी म्हटले आहे, दुसऱ्याच्या मेलेल्या लेकराविषयी नाही. दोन अध्यायांनंतर तोच माणूस आपल्या जन्मदिवसाला शाप देतो.

कोणती पाने ठेवावीत? शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री स्तोत्र १२१, आठ वचने. झोप येत नसेल तर स्तोत्र ४. चिडलेल्या, देवावर रागावलेल्या माणसाला स्तोत्र १३: सुरुवातीच्या दोन वचनांत चार वेळा ‘कोठवर’ विचारले आहे, आणि सहाव्या वचनात ते संपते. १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत, तरी आपल्या उपासनांत स्तुतीचीच जास्त वाचली जातात. विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायातली २२ आणि २३ ही वचने सगळे उचलतात. ती ६६ वचनांपैकी दोनच आहेत आणि पुस्तकाचा शेवट उत्तराविना होतो हेही ध्यानात ठेवावे. बरे होण्याची प्रार्थना करून दमलेल्याला दुसरे करिंथकर १२: पौलाने तीनदा विनवले, शरीरात सलणारा काटा निघाला नाही, उत्तर आले, ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’

वसईकडच्या किंवा गोव्यातल्या कॅथलिक घरी जाताना प्रत बघून घ्यावी. प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तके, कॅथलिक बायबलात ७३. नीतिमानांचे आत्मे देवाच्या हाती आहेत हा दफनाच्या मिस्सेतला उतारा ज्ञानाच्या पुस्तकातला आहे, आणि वैद्याचा मान राखा असे सांगणारा अध्याय सिराखच्या पुस्तकातला, ३८ वा. दोन्ही तुमच्या प्रतीत मिळणार नाहीत. आयत्या वेळी पाने उलटत बसण्यापेक्षा त्यांच्याच घरातली प्रत मागावी.

स्तोत्र ८८ फोल्डरात घालावे की नाही यावर मतभेद आहेत. ते अंधारात सुरू होते आणि हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दही ‘अंधार’च आहे, बाकीच्या विलापांसारखे ते शेवटी वळत नाही. माझे मत घालावे असे आहे, पण सगळ्यांत मागे, आणि रुग्णाने स्वतः मागितले तरच वाचावे. वाचून झाल्यावर लगेच १२१ कडे धावू नये. पाच मिनिटे फोल्डर मिटून बसावे. खुर्ची खाटेच्या त्या बाजूला ओढावी जिकडे सलाईन नाही.