गोगाबाबा टेकडी: कुत्र्याला न्यायचं तर महिना बघून न्या

संभाजीनगरात कुत्र्याला घेऊन लांब फिरायचं तर जागा मोजक्याच. मकबरा आणि लेण्या ही संरक्षित स्मारकं, तिथं जनावर नेता येत नाही. गौताळा अभयारण्य, म्हणजे विषयच संपला. विद्यापीठामागची गोगाबाबा टेकडी मात्र ऐसपैस आहे. चढ बेताचा, माथ्यावर पांढरं छोटं मंदिर, खाली मकबरा आणि सगळं शहर.

टेकडीला आमचे पाचपैकी चार तारे, पण फक्त आषाढ-श्रावणात. तेव्हा गवत कोवळं असतं, जमीन गार असते.

दसरा-दिवाळीला हवा छान म्हणून लोक गर्दी करतात आणि नेमकं तेव्हाच गवताला कुसळ धरलेलं असतं. कुसळाच्या टोकाला उलटे केस असतात, त्यामुळं ते घुसलं की पुढंच सरकतं, मागं येत नाही. बोटांच्या बेचक्यात शिरलं तर कुत्रं पाय चाटत बसतं, दोन-तीन दिवसांत गळू धरतं. कानात गेलं तर डोकं एका बाजूला कलतं करून झटकतं. अशा वेळी कानात काडी घालू नका, कुसळ आणखी आत जातं. सरळ डॉक्टरकडं न्या. जाण्याआधी बेचक्यातले केस कातरून टाकले की निम्मा त्रास वाचतो.

उन्हाळ्यात सूर्य उगवायच्या आत खाली उतरलेलं बरं. काळा दगड रात्री उशिरापर्यंत तापलेला राहतो, म्हणून संध्याकाळी जाण्यात अर्थ नाही. तळहाताची मागची बाजू दगडावर सात सेकंद टेकवा. चटका बसला तर परत फिरा. माथ्यावर पाण्याच्या भरवशावर राहू नका. मोठ्या कुत्र्याला लिटरभर पाणी आणि पसरट वाटी सोबत हवी. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला मार्चनंतर आणूच नये, त्याला धाप आवरत नाही.

पट्टा सोडायचा मोह आवरा. दगडाच्या कपारीत फुरसं, म्हणजे विषारी साप, असतं आणि कुत्रं आधी नाकच घालतं. कारवानी किंवा पश्मी अशा शिकारी जातीचं कुत्रं असेल तर जास्तच जपा: ससा दिसला की हाक ऐकू येत नाही, आणि डोकं मानेपेक्षा निमुळतं असल्यानं साधा गळपट्टा सुळकन निघतो. छातीवरून येणारा हार्नेसच घ्या, दोरी दोन मीटरची पुरे. शेळ्या दिसल्या तर वाट सोडून लांबून जा, राखणीचं कुत्रं अंगावर येतं.

घरी आल्यावर कानाच्या पाळीत, गळपट्ट्याखाली आणि जांघेत गोचीड बघा. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल लावायची जुनी खोड सोडा, त्यानं कातडी भाजते. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत खाणं सुटलं, ताप आला किंवा हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर रक्त तपासायला सांगा.