डायव्हिंगचं सामान आणि पाण्यातला कॅमेरा: इन्शुरन्स कुठला घ्यायचा, का घ्यायचाच नाही?

गेल्या सीझनला आमच्या ग्रुपमधल्या दोघांनी स्वतःचं सामान घेतलं. एकानं रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारा), बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळणारं जॅकेट), डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारं मनगटावरचं यंत्र) असा अख्खा सेट आणि दुसऱ्यानं टीजी-७ कॅमेरा हाऊसिंगसकट, म्हणजे पाण्यात न्यायच्या बंद डब्यासकट, आणि आता दोघंही मला विचारायलेत की इन्शुरन्स कुठला काढू. मलाच का, तर तारकर्लीला माझ्या कॅमेऱ्यात पाणी गेलं, क्लेम केला, तो नाकारला, म्हणून मी ग्रुपचा तज्ज्ञ. असली पदवी कुणाला मिळू नये.

आधी आपलं डायव्हिंग म्हणजे काय ते बघा. बेळगावातनं आंबोली उतरून मालवण-तारकर्ली, नाहीतर चोर्ला घाटातनं गोव्याला ग्रँड आयलंड, आणि जमलंच तर वर्षातनं एकदा मुरुडेश्वरला जाऊन नेत्राणी बेट. पावसाळ्याचे जून ते सप्टेंबर सगळं बंद. म्हणजे सामान चार महिने कपाटात, उरलेल्या दिवसांत पण बहुतेक वेळ कपाटात किंवा गाडीच्या डिकीत, आणि प्रत्यक्ष पाण्यात वर्षाला मोजून काही तास. कुठली पॉलिसी कामाची हे इथंच ठरतंय, कारण कोरड्यात झालेलं नुकसान भरून देणारे बरेच आहेत, ओल्यातलं म्हटलं की सगळे खिडकीबाहेर बघायला लागतात.

घरातल्या सामानापासून सुरू करूया. होम लोन घेताना बँकेनं घर इन्शुअर करून दिलं असेल तर ती बहुतेक भारत गृह रक्षा असते, १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना हीच एकसारखी पॉलिसी ठेवावी लागते. इमारतीचा विमा असेल तर घरातल्या सामानाला त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, असं कव्हर आपोआप मिळतं. आग, वीज पडणं, भूकंप, पूर सगळं आहे त्यात. चोरी मात्र नाही, म्हणजे आग-पुरासारखं काही घडलं आणि त्यामुळं सात दिवसांच्या आत चोरी झाली तरच. गंमत बघा, २०१९ च्या ऑगस्टमधे निपाणी-चिक्कोडीकडं वेदगंगा-दूधगंगेचं पाणी घरात शिरलं तसं परत शिरलं आणि कपाटातला कॅमेरा भिजला तर पैसे मागता येतील, आणि तोच कॅमेरा ज्या कामासाठी घेतलाय त्या कामात भिजला तर नाही.

जुन्या पद्धतीची हाऊसहोल्डर पॅकेज पॉलिसी थोडी वेगळी, तिच्यात घरफोडीचा सेक्शन घेता येतो. पण काही पॉलिसीत दार-खिडकी फोडून आत शिरल्याची खूण लागते. दुपारी दार उघडं टाकून शेजारी गेला आणि बॅग गेली तर ती चोरी, घरफोडी नव्हे, असा तो हिशोब.

ह्याच पॅकेजमधे, किंवा वेगळी म्हणून पण, ऑल रिस्क मिळते. आमच्या त्या दोघा मित्रांसाठी खरी तुलना हिच्याशीच आहे, कारण वस्तू घराबाहेर गेली तरी कव्हर चालू राहतं, भारतभर, आणि जास्त प्रीमियम भरून परदेशात पण. नाव ऐकून वाटतं सगळं आलं. मला पण तसंच वाटलेलं. शब्द वाचले तर काय काय निघतं बघा: घासून-झिजून, हवामानानं, किंवा आतली मशिनरी-इलेक्ट्रिकल बिघडून झालेलं नुकसान नाही. काच किंवा लेन्स फुटणं, तडा जाणं, ओरखडा येणं हे बऱ्याच पॉलिसीत नाही, गाडीला किंवा रेल्वेला अपघात होऊन फुटलं तरच. गाडीतनं चोरी झाली तर गाडी पूर्ण बंद बॉडीची आणि सगळी दारं-खिडक्या लॉक केलेली हवी, म्हणजे ताडपत्रीच्या जीपमधे किंवा पिकअपच्या मागं बॅगा टाकून आंबोली उतरणाऱ्यांनी विसरायचं. आणि एक कलम तर मला फार आवडतं, घड्याळाला जास्त किल्ली दिल्यामुळं झालेलं नुकसान भरून मिळणार नाही. डाइव्ह कॉम्प्युटर मनगटावर घालून हे वाचताना हसू येतं, पण हे शब्द कुठल्या काळातले आहेत ते कळतं, आणि त्यांना ओ-रिंग म्हणजे काय ते का माहीत नाही तेही.

तर ओ-रिंग, म्हणजे हाऊसिंगचं झाकण सील करणारी रबराची रिंग. माझं काय झालं, हाऊसिंग बंद करताना रबराच्या रिंगवर एक केस राहिला, माझाच असणार. दहा मीटरवर पाण्याचा दाब वरच्यापेक्षा दुप्पट होतो, बाराएक मीटरला काचेवर वाफ दिसली आणि वर येईपर्यंत तळाला चमचाभर पाणी. खारट पाणी सर्किटला लागलं की संपलं. ऑल रिस्क होती माझ्याकडं. नुकसान तपासायला आलेले कंपनीचे सर्व्हेअर म्हणाले बाहेरून काही आपटलेलं नाही, हाऊसिंग फुटलेलं नाही, म्हणजे अपघात कुठं झाला? सील नीट न बसणं म्हणजे तुमचाच निष्काळजीपणा. खूप भांडलो, पण खरं सांगायचं तर पॉलिसीत कुठंच लिहिलेलं नव्हतं की पाण्याखाली वापरताना पाणी शिरलं तर देऊ, आणि मी पण विचारलेलं नव्हतं.

म्हणून ह्या वेळी मित्रांना घेऊन बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या एजंट काकांकडं गेलो आणि सरळ विचारलं, काका, पाण्यात वापरताना आत पाणी गेलं तर? काका म्हणाले, “बघूया की, क्लेम आल्यावर बघता येतंय.” म्हटलं काका तसं नको, ब्रँचला मेल करून लेखी घ्या. तोंडावर थोडी नाराजी दिसली पण केला मेल.

ट्रॅव्हल इन्शुरन्स स्वस्त असतो म्हणून सगळे तिकडं वळतात. स्वतःच्या गाडीनं मालवणला जात असाल तर सामानाच्या बाबतीत त्याचा उपयोग जवळजवळ शून्य, कारण त्यातलं बॅगेजचं कव्हर मुख्यतः विमान कंपनीच्या ताब्यात दिलेल्या बॅगेचं असतं, ती पण पूर्ण हरवली तर. आत एखादी वस्तू मोडली तर नाही, आणि एका बॅगेला, एका वस्तूला किती हेही ठरलेलं. कॅमेरा, इलेक्ट्रॉनिक्स बहुतेक वेळा वगळलेलं असतं. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरनं, विमानानं पुढं अंदमानला वगैरे निघालात तर बीसीडी, फिन्स, वेटसूटच्या बॅगेसाठी ठीक आहे. रेग्युलेटर, कॅमेरा आणि लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या हातातच ठेवा, सुट्या बॅटऱ्या तर चेक-इनमधे चालतच नाहीत. आणि अॅडव्हेंचर स्पोर्ट्सचा रायडर, म्हणजे जोडकव्हर, घेतला म्हणजे सामान पण आलं असं समजू नका, तो तुमच्या हाडांसाठी आहे.

मग कॅमेऱ्याबरोबर दुकानात किंवा ऑनलाइन विकतात ते अॅक्सिडेंटल डॅमेज प्लॅन. वॉरंटीपेक्षा बरे, कारण कंपनीची साधी वॉरंटी पाणी म्हटलं की हात वर करते, कॅमेरा वॉटरप्रूफ म्हणून विकला असला तरी. प्लॅनमधे लिक्विड डॅमेज लिहिलेलं असतं पण ते बहुतेक चहा सांडला ह्या हिशोबानं. हरवलं तर काही नाही. आणि खोली बघा: टीजी-७ हाऊसिंगशिवाय १५ मीटर, बऱ्याच गोप्रो १० मीटर, ह्याच्या खाली नुसता कॅमेरा नेला आणि पाणी शिरलं तर कुठलाच प्लॅन तुमच्या बाजूनं बोलणार नाही, कारण डाइव्ह कॉम्प्युटरमधे खोलीची नोंद राहते आणि व्हिडिओ तर तुम्हीच काढलेला असतो.

डॅनचं काय, असं पण एकानं विचारलं. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, १९८० मधे अमेरिकेत ड्यूक युनिव्हर्सिटीत सुरू झालेली संस्था, चांगलीच आहे, पण तिचं मुख्य कव्हर माणसाचं, म्हणजे बेंड्स (पटकन वर आल्यानं रक्तात बुडबुडे होऊन होणारा त्रास) झाले तर उपचाराच्या दाबाच्या चेंबरचा खर्च, पेशंटला हलवण्याचा खर्च. वारंवार डायव्हिंग करणाऱ्यानं सामानाच्या आधी हे बघावं असं माझं मत. कॅमेऱ्यात पाणी जाणं धरणाऱ्या खास पॉलिसी अमेरिकेत आहेत, पण त्या तिथं राहणाऱ्यांसाठी, भावाच्या पत्त्यावर काढून इथं वापरायच्या भानगडीत पडू नका.

आता पैशाचं एक. ऑल रिस्क घेतलीच तर रक्कम कमी लावू नका. समजा सामान २ लाखाचं आणि प्रीमियम वाचवायला १ लाखाचंच दाखवलं, मग ४० हजाराचं नुकसान झालं तर हातात २० हजार, त्यातनं परत एक्सेस (क्लेममधला आपण सोसायचा भाग) आणि घसारा वजा. प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी पण धरा. बिलं जपा, सिरियल नंबरचे फोटो काढा. दुबईहून आतेभावानं आणलेला, बिल नसलेला रेग्युलेटर इन्शुअर करायला जाल तर तिथंच अडतंय. भाड्यानं घेतलेलं सामान तुमचं नसतं, तेही येत नाही.

आणि आपल्याकडची खास अडचण, बॅग सावंतवाडी स्टँडवर गेली आणि लक्षात आलं बेळगावात. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणं गुन्हा कुठं घडला हे न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, मग ते तिकडं पाठवतात. कागद इथं कन्नडमधे होणार आणि तिकडचे मराठीत, दोन्हीच्या प्रती ठेवा, सर्व्हेअर बाहेरचा आला तर भाषांतर मागतो. कंपनीनं नाकारलं आणि पटलं नाही तर कर्नाटकातल्या पॉलिसीसाठी विमा लोकपाल बेंगळुरूला, फी काही नाही, पण आधी कंपनीकडं लेखी तक्रार आणि एक महिना वाट बघणं आलं.

मी काय करीन? अख्खा सेटवाला असतो तर ऑल रिस्क घेतली असती, कारण त्याची भीती डिकी आणि कपाट हीच, रेग्युलेटर पाण्यात क्वचितच बिघडतो, वर्षाचं सर्व्हिसिंग केलं की झालं. नुसता कॅमेरावाला असतो तर आधी लेखी उत्तर, ते नसेल तर प्रीमियमचे पैसे बाजूला टाकले असते. वर्षातनं दोन डाइव्ह करणाऱ्यानं तर सामानच घेऊ नये, भाड्याचं घ्यावं, पण हे आता सांगून काय उपयोग.

काकांच्या मेलला आठ दिवसांनी तीन ओळी आल्या: बाहेरच्या आघातानं हाऊसिंग फुटून पाणी गेलं तर विचार होईल, सील नीट न बसल्यामुळं गेलं तर नाही, पाण्यात हातातनं सुटून हरवलं तर नाही. टीजी-७ वाल्यानं ते वाचून पॉलिसी सोडली, दोन जादा ओ-रिंग आणि सिलिकॉन ग्रीसची ट्यूब मागवली, आणि आता पहिल्या डाइव्हला हाऊसिंग रिकामंच, गळती कळावी म्हणून आत टिश्यू घालून खाली नेणार म्हणतो. सेटवाल्याचं अजून ठरेना. ऑक्टोबरला वेळ हाय म्हणतो.