‘हवा राहिलीय’ म्हणत आम्हाला जुना मास्टर सिलिंडर विकला

बाहा एसएई इंडिया या इंजिनिअरिंग विद्यार्थ्यांनी बांधलेल्या ऑफ-रोड गाड्यांच्या स्पर्धेसाठी आम्ही कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये बग्गी बांधत होतो. पाइप वाकवण्यापासून वेल्डिंगपर्यंत सगळं टीमच्या पोरापोरींनी केलेलं. ब्रेकचं काम माझ्याकडे होतं. या स्पर्धेत ब्रेक टेस्टला पेडल दाबल्यावर चारही चाकं लॉक व्हावी लागतात. झाली नाहीत तर गाडी पुढच्या फेऱ्यांना सोडत नाहीत. आणि टेस्ट बाजूला ठेवली तरी त्या सीटवर आमचाच मित्र बसणार होता.

मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा पार्ट, मारुती 800 चा घ्यायचा ठरला, कारण तो आटोपशीर आहे आणि त्यात पुढच्या-मागच्या लाइनसाठी दोन वेगळे कप्पे मिळतात. स्पेअर पार्टच्या एका दुकानात 1,600 रुपयांना घेतला. खोका कंपनीचा दिसत होता. पक्कं बिल मागितलं तर दुकानदार म्हणाला, “जीएसटी वर लागेल, उगाच कशाला?” आणि पॅडच्या कागदावर रक्कम लिहून दिली. वर्गणीतून गाडी उभी राहत होती, म्हणून आम्ही ऐकलं.

सिलिंडर बसवला, लाइनी जोडल्या, ऑइल भरून आत अडकलेली हवा काढली. पेडल पोचटच. पुन्हा हवा काढली, तरी तेच. दुकानात गेलो.

“काका, पेडल भरतच नाहीये.”

“हवा राहिलीय रे. तुम्हा पोरांना काढता येत नाही. हे डॉट 4 ऑइल घेऊन जा, नीट काढा.”

ऑइल घेतलं. पुढच्या खेपेला तो म्हणाला, होज (रबरी नळ्या) फुगत असतील, म्हणून होजही घेतले. प्रत्येक वेळी वाटायचं की चूक आपलीच.

आमची एक चूक होतीही, आणि तिच्यामुळेच त्याचं फावलं. पुढचे कॅलिपर, म्हणजे चाकाजवळ डिस्कला चिमटणारे भाग, आम्ही डावे-उजवे उलटे बसवले होते, त्यामुळे हवा सोडायचे निपल खालच्या बाजूला आले होते. हवा वर चढते. निपल खाली असेल तर कितीही पंप मारा, बुडबुडा वरच अडकून राहतो. कॅलिपर अदलाबदल केल्यावर पारदर्शक नळीतून साबुदाण्यासारखे बुडबुडे निघाले, मग एकसंध ऑइल आलं. पेडल बरंच सुधारलं. आम्ही टाळ्यासुद्धा वाजवल्या.

पण सिग्नलला थांबल्यासारखा पाय दाबून धरला की पेडल हळूहळू खाली जायचं. भिजल्या मातीत पाय रुतावा तसं. इथे नीट लक्ष द्या. हवेमुळे पेडल मऊ असेल तर ते स्प्रिंगसारखं लागतं. भराभर दोन-तीनदा मारलं की वर येतं आणि धरून ठेवलं तर जागेवर राहतं. सारख्या दाबाने धरूनही पेडल बुडत असेल आणि बाहेर कुठे थेंबभर ऑइल दिसत नसेल, तर ऑइल मास्टर सिलिंडरच्या आतल्या रबरावरून मागे सरकतंय. चारही चाकांची हवा काढत बसून त्याला काडीचा फरक पडत नाही.

हे आम्हाला एका जुन्या फिटरकाकांनी सांगितलं. त्यांनी सिलिंडरमधली हवा काढून सगळ्या आउटलेटला, म्हणजे ऑइल बाहेर पडायच्या तोंडांना, डमी बोल्ट मारून ती घट्ट बंद करायला लावली. आता चाकं, होज, कॅलिपर यांचा संबंधच उरला नाही. अशा वेळी पेडल दगडासारखं लागायला हवं. आमचं खाली गेलं.

मग सर्क्लिप (आतले भाग अडवून धरणारी रिंग) काढून सिलिंडर खोलला. रबर नवं कोरं होतं, बॉडी जुनी. नळीच्या भिंतीवर काळे खड्डे पडलेले, त्यावर पॉलिश पेपर फिरवल्याचे आडवे चरे. करंगळी आत घातली तर खड्डे बोटाला लागत होते. बाहेर चंदेरी रंग मारला होता, पण फ्लँजच्या (सिलिंडर बोल्टने बसवायच्या पट्टीच्या) कानांवर नख घासल्यावर खाली आधीच्या नटाच्या गोल खुणा दिसल्या. आउटलेटमध्ये टॉर्च मारला तर पाइपचं तोंड दाबून बसल्याचा वळ आतल्या बैठकीवर उमटलेला होता. नव्या पार्टवर हा वळ असूच शकत नाही, आणि तो काउंटरवर उभं राहून दोन मिनिटांत बघता येतो. आम्ही बघितला नव्हता.

दुकानदाराने पार्ट ओळखायलाच नकार दिला. “हा माझ्याकडचा कशावरून?” पॅडच्या कागदावर ना दुकानाचं नाव, ना पार्ट नंबर. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे, ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, हे आम्हाला माहीत होतं. पण दाखवायला हातात काहीच नव्हतं.

मला राग 1,600 रुपयांचा नाही. पोरं गाडी बांधतायत, त्यात माणूस बसणार, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरीही दर खेपेला त्याने “हवा राहिलीय” म्हणून परत पाठवलं. मऊ पेडलला सगळेच हवा म्हणतात, आणि या एका शब्दाआड असा रंगवलेला माल खपून जातो.

दुसरा सिलिंडर अधिकृत डीलरकडून पक्क्या बिलावर आणला. आधी टेबलावर व्हाइसमध्ये धरून त्याच्यातली हवा काढली, डमी मारून तपासला, मगच गाडीला लावला. पेडल वरच्या वरच अडलं. पूर्ण मिनिटभर पाय दाबून धरला, तसूभरही हललं नाही.

जुना सिलिंडर करवतीने उभा चिरून वर्कशॉपच्या खिडकीत ठेवलाय. ब्रेकचं काम घेणाऱ्या ज्युनिअरला आधी त्याच्या आत बोट फिरवायला सांगतो.