‘बीच टच’ म्हणाले, म्हणून पैसे भरले

आम्ही दोघं समुद्रावर जातो ते चालायला. हिच्या गुडघ्यांना डांबरी रस्ता सोसत नाही, पण ओल्या, घट्ट वाळूवर ती अनवाणी तास-दीड तास आनंदाने चालते. वर्षातून एकदा हे सुख मिळावं म्हणून आम्ही पैसे बाजूला टाकतो. त्यामुळे जानेवारीत जे घडलं ते फार लागलं.

दापोलीजवळच्या मुरूड-कर्दे किनाऱ्यावर जायचं ठरलं होतं. जाहिरातीत रुंद पुळण (म्हणजे वाळूचा किनारा), सुरूची झाडं आणि समोर खोल्या असे फोटो होते. फोनवर मी मुद्दाम विचारलं, सकाळी सलग दोन-तीन किलोमीटर चालता येईल ना? “काका, बीच टच आहे. गेटाबाहेर पाय टाकला की वाळू. कर्द्यापर्यंत चालत जा!” तीन रात्रींचे साडेतेरा हजार ठरले. निम्मे लगेच यूपीआयने पाठवले, तेही रिसॉर्टच्या नव्हे, कुणा व्यक्तीच्या खात्यावर. तिथेच थांबायला हवं होतं.

पोचलो तेव्हा अंधार पडला होता. लाटांचा आवाज येत होता, त्यावर खूश होऊन झोपलो. सकाळी सहाला गेट उघडलं तर समोर चाळीसेक पायऱ्या, खाली दगडी बंधारा आणि बंधाऱ्यावर आपटणारं पाणी. वाळू नाहीच. ही कठड्याला धरून उभी राहिली, काही बोलली नाही.

मालक म्हणाला, “आत्ता भरती आहे, दुपारी बघा.” दुपारी भर उन्हात उतरलो. एक अरुंद पट्टी उघडी पडली होती. एका अंगाला खडप, म्हणजे खडकाळ किनारा, दुसऱ्या अंगाला खाडीचं तोंड. हिची पावलं मोजली, तीनशेच्या आत संपली. मुरूडची पुळण तिथून गाडीने वीस मिनिटांवर होती आणि जाहिरातीतले फोटो त्या पुळणीचे होते. पैसे परत मागितले तर उत्तर आलं, “समुद्र दिसतोय ना खोलीतून?”

दुसऱ्या दिवशी मुरूडला गेलो. तिथे जेवायला थांबलो त्या घरच्या आजींनी जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं आहे. आपल्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. आम्ही नेमके अष्टमीला आलो होतो! शिवाय ते भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे दिवस, पाणी फारसं उतरतही नाही. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी आणि मध्यरात्री, म्हणजे चालायच्या दोन्ही वेळांना ओहोटी. उधाणाचे दिवस असल्याने पाणी लांबवर मागे सरतं आणि हवी तशी ओली, घट्ट वाळू उघडी पडते. रिसॉर्टवाल्याला हे ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही.

दुसरी गोष्ट, म्हणजे नकाशा बघणं, मी घरी आल्यावर केली, ती आधी करायला हवी होती. कोकणात पुळणी डोंगराच्या सोंडांनी आणि खाड्यांनी तुटलेल्या आहेत. गावाचं नाव एकच असलं तरी अर्ध्या किलोमीटरवर किनारा पार बदलतो. गुहागरला सलग पाच-सहा किलोमीटर चालता येतं, दिवेआगरला चारेक; हरिहरेश्वरला देवळामागे खडकच खडक. मोबाइलवरच्या उपग्रह नकाशात रिसॉर्टचं नेमकं ठिकाण उघडा आणि वाळू कुठे सुरू होते, कुठे संपते ते मोजा. मालक ठिकाण पाठवायला टाळाटाळ करत असेल तर पैसे पाठवू नका. गेटापासून ओल्या वाळूपर्यंतचा व्हिडिओ मागा, सकाळी सातचा, त्याच दिवशी काढलेला. वाळूचा उतारही बघा. तिरक्या वाळूवर एका बाजूचा गुडघा लवकर दुखतो, हे हिच्याकडून शिकलो.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. पण तोवर जाहिरातीतले फोटो बदलले होते आणि माझ्याकडे जुन्यांचे स्क्रीनशॉट नव्हते. फोनवरचं बोलणं तर हवेतच गेलं. ‘सलग तीन किलोमीटर वाळू’ एवढं त्याच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतलं असतं, तर आज हातात काही असतं. पैसे अजून आलेले नाहीत.

हिने परवा पंचांग काढून पुढच्या पौर्णिमेवर खूण केली. गुहागरला जायचं म्हणते.