ग्वाल्हेरहून शिवपुरी: एका दिवसाची सहल आणि जॉर्ज कॅसल

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातून निघून एका दिवसात शिवपुरी दाखवून आणणाऱ्या एका खासगी सहलसेवेने आम्ही गेल्या हिवाळ्यात आई आणि मुलांना घेऊन गेलो. गाडी स्वच्छ होती, पहाटे सहाला दारात उभी होती आणि सुमारे 115 किलोमीटरच्या रस्त्यावर आईला कुठेही त्रास झाला नाही. याबाबतीत तक्रारीला जागा नाही.

शिवपुरी म्हणजे शिंदे सरकारांची उन्हाळी राजधानी. ग्वाल्हेर तापू लागले की दरबार इकडे हलत असे, आणि त्या प्रवासासाठी 1899 सालीच अरुंद रुळांची रेल्वेही आली होती. माधव राष्ट्रीय उद्यानातील सर्वांत उंच जागी, 484 मीटरवर, जॉर्ज कॅसल उभा आहे. 1911 च्या दिल्ली दरबारासाठी आलेले बादशहा पंचम जॉर्ज येथे शिकारीसाठी मुक्काम करतील म्हणून तो बांधला गेला, परंतु बादशहा रात्रीसाठी थांबलेच नाहीत, असे सांगतात.

आम्हाला सर्वाधिक आवडली ती त्याची गच्ची. खाली संपूर्ण सख्यासागर पसरलेला दिसतो, काठावर सेलिंग क्लबची इमारत, आणि त्या सकाळी चिखलात एक मगर तोंड उघडे ठेवून इतकी निश्चल पडली होती की धाकट्याने तिला ओंडका समजून तिच्याकडे पाठ फिरवली. वाड्याला नाव परदेशी पाहुण्याचे आहे, पण तलावाला महाराणी सख्याराजे यांचे. 1886 साली महाराज जयाजीराव शिंदे वारले तेव्हा त्यांचे व सख्याराजे यांचे पुत्र माधवराव अवघ्या नऊ वर्षांचे होते. त्यांच्या या मातोश्रींचे नाव त्या गच्चीवर उभे असताना सांगितले गेलेच पाहिजे.

सेवेच्या मार्गदर्शकाने ते सांगितले नाही. उलट हा वाडा जिवाजीरावांनी बांधला, असे त्याने मुलांना ठामपणे सांगितले. जिवाजीरावांचा जन्मच 1916 चा; 1911 सालच्या वाड्याचा कर्ता म्हणून माधवरावांचेच नाव घ्यावे लागते. घोटाळा कदाचित नावामुळे होत असेल, कारण माधवरावांनी याच बादशहाच्या नावावरून मुलाचे नाव जॉर्ज जिवाजीराव ठेवले होते. ज्या सेवेचे बहुतेक प्रवासी ग्वाल्हेरचे मराठी लोक आहेत, तिने आपल्याच इतिहासातील पिता-पुत्रांची अदलाबदल करू नये, असे आम्हाला मनापासून वाटते.

वाघांविषयी अपेक्षा माफक ठेवावी. 2023 साली येथे पुन्हा वाघ सोडण्यात आले असले, तरी आम्हाला केवळ चितळ आणि नीलगायी दिसल्या, आणि मुले त्यावरही खूश होती.

छत्र्यांसाठी, म्हणजे शिंदे घराण्याच्या स्मारकांसाठी, मात्र सेवेने जेमतेम वीस मिनिटे दिली, आणि हा आमचा सर्वांत मोठा आक्षेप आहे. माधवराव 1925 साली पॅरिसमध्ये वारले; त्यांची संगमरवरी छत्री आणि मातोश्रींची छत्री बागेच्या दोन टोकांना एकमेकींसमोर आहेत. आत महाराजांची मूर्ती पोशाखासह बसलेली असून तिची नित्य सेवा होते. संगमरवरात बसवलेल्या रंगीत दगडांच्या पाकळ्यांवरून आई हळूच बोट फिरवत होती, तोच गाडीचा हॉर्न वाजला. आरक्षण करतानाच छत्र्यांसाठी किमान दीड तास मागून घ्यावा आणि संध्याकाळची पूजा पाहूनच परतावे. तशी तयारी असल्यास आम्ही याच सेवेने पुन्हा जाऊ.