इराणचा अणुकार्यक्रम: करार की कोंडी?

इराणला अण्वस्त्रापासून रोखायचे दोन मार्ग जगाने वापरून पाहिले. पहिला, इराणने अमेरिकेसह सहा बड्या देशांशी केलेला व्हिएन्नातला २०१५चा करार. युरेनियम ३.६७ टक्क्यांपर्यंतच समृद्ध करायचं (म्हणजे त्यातल्या युरेनियम-२३५चं प्रमाण तेवढंच वाढवायचं; ते जितकं जास्त, तितकं अण्वस्त्र जवळ), साठा ३०० किलोंच्या आत ठेवायचा; बदल्यात निर्बंध उठणार. अराकच्या अणुभट्टीचा गाभा काढून त्यात चक्क काँक्रीट ओतलं गेलं. नातांझच्या समृद्धीकरण केंद्रात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक ये-जा करत, कॅमेरे सुरू असत. उणिवा होत्याच: काही अटींना मुदत होती आणि क्षेपणास्त्रांना करारात हातच लावला नव्हता.

दुसरा मार्ग कोंडीचा. मे २०१८मध्ये ट्रम्प यांनी अमेरिकेला करारातून बाहेर काढलं आणि इराणच्या तेलविक्रीचा गळा आवळला. भारतानेही २०१९मध्ये ते तेल घेणं थांबवलं. इराणचं चलन रियाल कोसळलं, औषधं महागली. झळ बसली ती साध्यासुध्या घरांना. आणि समृद्धीकरण? २०२१मध्ये ते ६० टक्क्यांवर पोचलं. २०२२मध्ये तर इराणने २७ कॅमेरेच उतरवले.

म्हणूनच मला पहिला मार्ग पटतो. अपुरा का होईना, तिथे आत जाऊन मोजणारी माणसं होती. कॅमेरे उतरल्यावर नवे सेंट्रीफ्यूज (युरेनियम समृद्ध करणारी यंत्रं) किती बनले, याचा नुसता अंदाज बांधत बसावं लागलं.